जुन्या सायकलींच्या सुट्या भागांची कालनिश्चिती

जुन्या सायकलीचे हब (चाकाचा मध्यभाग), क्रँक (पेडल जोडलेला दांडा), चेनव्हील (साखळी ओढणारे पुढचे दातेरी चाक), ब्रेक आदी सुट्या भागांवर कारखान्यात ठोकलेले अंक, अक्षरे व बोधचिन्हे वाचून त्यांचा निर्माता आणि निर्मितीचा काळ ठरवण्याची पद्धत संग्राहक व जुन्या सायकलींची डागडुजी करणारे कारागीर वापरतात. अशा खुणेवरून वय कळते ते त्या भागाचे, संपूर्ण सायकलीचे नव्हे. पुण्यात हा भेद विशेष जपावा लागतो. कारण सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावात वडिलांची सायकल मुलाकडे जाई, भाड्याच्या सायकली वर्षानुवर्षे राबत, आणि मोडलेल्या भागाच्या जागी हाताशी येईल तो भाग बसवला जाई.

सर्वांत भरवशाची खूण नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअर-हबवर सापडते. तिच्या ‘ए डब्ल्यू’ या तीन गतींच्या हबच्या कवचावर प्रकाराच्या अक्षरांजवळ वर्ष व महिना ठोकलेला असतो. तेथे ५८ आणि ४ हे अंक दिसल्यास ते कवच एप्रिल १९५८ मधील समजावे. १९३० च्या दशकातील हबांवर मात्र वर्षाचा केवळ शेवटचा अंक आढळतो. ही अक्षरे बहुधा तेल-धुळीच्या थराखाली दडलेली असतात. रॉकेलने भिजवून मऊ ब्रशने थर काढावा, अक्षरांत खडू भरावा आणि विजेरीचा झोत तिरपा पाडावा, म्हणजे पुसट अंकही उठून दिसतो. पॉलिश पेपरने घासल्यास, किंवा भाग चकचकीत दिसावा म्हणून नव्याने क्रोम चढवून घेतल्यास, थरासोबत तारीखही जाते. हौशी दुरुस्तीत सर्वाधिक पुरावा असाच नष्ट होतो. शिवाय हबच्या आतील यंत्रणा दुसऱ्या कवचात सहज बसते, त्यामुळे कवचावरील तारीख आतल्या दातेचक्रांनाही लागू पडेलच असे नाही.

तारीख नसलेल्या भागांसाठी बोधचिन्हांचा आधार घ्यावा लागतो. रॅले या ब्रिटिश कंपनीच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी, हंबर या ब्रिटिश कंपनीच्या चेनव्हीलमध्ये मानवी आकृत्या आणि बी.एस.ए. या ब्रिटिश कंपनीच्या भागांवर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसतात. चिन्हावरून घराणे कळते, पण मालकी बदलली तरी चिन्ह टिकते: हंबरचा सायकल व्यवसाय १९३२ मध्ये आणि बी.एस.ए.चा १९५७ मध्ये रॅलेकडे गेला. याखेरीज ‘मेड इन इंग्लंड’ हा शिक्का असलेला भाग आणि आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातील भाग घडणीने इतके सारखे असतात की शिक्का झिजला असल्यास निर्णय राखून ठेवणेच बरे. पुढच्या चाकाला ३२ व मागच्या चाकाला ४० स्पोक ही ब्रिटिश वळणाची मांडणी भारतीय सायकलींनीही चालू ठेवली, म्हणून हबवरील स्पोकची छिद्रे मोजून देश ठरत नाही.

भागावर ठोकलेला ब्रिटिश पेटंटचा क्रमांक केवळ तो भाग कधीच्या आधीचा नाही एवढीच मर्यादा सांगतो. १९१६ पासून हे क्रमांक १,००,००१ पासून सलग दिले जाऊ लागले, त्यामुळे सहा आकडी क्रमांकाचा भाग त्याआधीचा असू शकत नाही. मात्र तोच क्रमांक पुढे कित्येक वर्षे ठोकला गेलेला असू शकतो.

शर्यतीच्या सायकलींवरील जपानी भागांची संकेतपद्धती सोपी आहे. शिमानोच्या दोन रोमन अक्षरांपैकी पहिले वर्ष व दुसरे महिना दाखवते. ‘ए’ म्हणजे १९७६ हे वर्ष किंवा जानेवारी महिना. त्यामुळे ‘एच सी’चा अर्थ मार्च १९८३ होतो. झेडनंतर, म्हणजे २००१ नंतर, अक्षरे पुन्हा ‘ए’पासून सुरू झाल्याने एकच संकेत सव्वीस वर्षांच्या अंतराने दोनदा येतो व भागाची घडण पाहून निवाडा करावा लागतो. इटलीच्या काम्पान्योलो कंपनीच्या १९७० च्या दशकातील ‘नुओवो रेकॉर्ड’ डिरेलरवर (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेवर) ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात.

पुण्यात मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात रविवारी व बुधवारी असे भाग विक्रीस येतात, तर कर्वेनगरातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली एकत्र पाहता येतात. फ्रेमवर राहिलेला, नगरपालिकेने वा महापालिकेने सायकल-कर भरल्याबद्दल दिलेला बिल्ला ती सायकल त्या वर्षी रस्त्यावर होती एवढेच सिद्ध करतो. भागांच्या तारखा परस्परांशी जुळत नसतील, तर फ्रेम, क्रँक व दोन्ही हब या सहसा न बदलणाऱ्या भागांच्या तारखा आधी पाहाव्यात. त्यांपैकी मूळचा वाटणारा सर्वांत अलीकडचा भाग ज्या वर्षीचा, त्यापूर्वी ती सायकल जोडली गेलेली नसते.