अमेरिकेत जुनं बिझनेस जेट घेताय? आधी नाव कोणाचं लागणार ते बघा

सेकंडहँड सायटेशन किंवा फेनॉमसारखं छोटं बिझनेस जेट घ्यायचं म्हणजे फक्त पैशाचा प्रश्न, असं अमेरिकेत धंदा करणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांना वाटतं. पैसे लागतातच, पण विमान तुमच्या नावावर होणार की नाही हे तुमचं इमिग्रेशन स्टेटस आणि कंपनीचे कागद ठरवतात, आणि लोक हे डिपॉझिट भरून झाल्यावर विचारतात.

रजिस्ट्रेशन होतं एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या रजिस्ट्रीत. अमेरिकन नागरिक असाल तर सोपं आहे, ग्रीन कार्डवाल्यालाही स्वतःच्या नावावर करता येतं, पण एच-१बी वर असाल तर नाही, मग कितीही वर्षं टॅक्स भरत असा. खरी गोची पुढे आहे. ग्रीन कार्डवाला एकटा चालतो, पण त्याने कंपनी काढली आणि स्वतःच प्रेसिडेंट झाला की ती कंपनी नागरिक धरत नाहीत! प्रेसिडेंट नागरिक हवा, डायरेक्टर आणि मोठ्या अधिकाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश नागरिक हवेत, आणि मतांचा किमान ७५ टक्के हिस्सा नागरिकांच्या हातात हवा. पार्टनरशिप असेल तर प्रत्येक पार्टनर नागरिकच पाहिजे, एक जरी ग्रीन कार्डवाला निघाला तरी नाही म्हणतात. मग दोन वाटा उरतात, एकतर पात्र ट्रस्टी नेमून ट्रस्टच्या नावावर घ्या, नाहीतर कंपनी अमेरिकेतच नोंदलेली असेल तर विमान तिथेच ठेवा आणि दर सहा महिन्यांत किमान ६० टक्के उड्डाण तास अमेरिकेत झाल्याचं दाखवा.

अजून एक. विमानापुरती वेगळी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची, तिनेच पायलट ठेवायचा आणि आपल्याच दुसऱ्या कंपनीकडून उड्डाणाचे पैसे घ्यायचे, हा सल्ला सर्रास दिला जातो. एफएएच्या नजरेत हे कमर्शियल उड्डाण होतं आणि त्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं. म्हणून सीएच्या जोडीला एव्हिएशनवाला वकील घ्याच.

कागद मात्र फार नाहीत. अर्जाचा फॉर्म ८०५०-१, विक्रीपत्राचा फॉर्म ८०५०-२, फी फक्त ५ डॉलर, आणि एलएलसी असेल तर तिच्या मालकांची माहिती देणारं पत्र. खरेदीदाराचं नाव दोन्ही फॉर्मवर अक्षरन् अक्षर सारखं हवं, आणि कंपनीतर्फे सही करताना हुद्दा लिहायचा, नाहीतर अर्ज परत येतो.

त्याआधी टायटल सर्च, म्हणजे विमानावर आधीच्या कोणाचा हक्क किंवा कर्ज आहे का ते रेकॉर्डवर बघणं. सातबाऱ्यावर जुना बोजा राहून जातो तसाच इथे आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा फिटूनही रेकॉर्डवर राहिलेला असतो, तो विकणाऱ्याकडून उतरवून घ्या. पैसे थेट विकणाऱ्याला न देता एस्क्रोत, म्हणजे सौदा पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याकडे, ठेवा. क्रूसकट आठ किंवा जास्त माणसांसाठी सर्टिफाय झालेलं जेट असेल तर केप टाउन करार या आंतरराष्ट्रीय करारातल्या, विमानांवरच्या बोज्यांची नोंद ठेवणाऱ्या इंटरनॅशनल रजिस्ट्रीतही शोध आणि नोंद करावी लागते. सायटेशन मस्टँगसारखं छोटं जेट यातून सुटतं.

प्री-बाय इन्स्पेक्शन, म्हणजे खरेदीआधीची तपासणी, विकणाऱ्याच्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये करू नका. लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची मागा, इंजिन कुठल्या मेंटेनन्स प्रोग्रॅमवर (हप्ते भरून देखभालीचा खर्च भागवणारी योजना) आहे आणि त्याचे हप्ते भरलेत का ते लेखी घ्या. एअरवर्दीनेस सर्टिफिकेट (विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला) विमानासोबतच येतं, नवं काढावं लागत नाही.

स्वतः उडवणार असाल तर त्या मॉडेलचं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची खास पात्रता) हवंच, आणि इन्शुरन्सवाले त्यावर किती अटी घालतात ते सौदा पक्का करायच्या आधी विचारा.

रजिस्ट्रेशनचा अर्ज गेल्यावर त्याची प्रत विमानात ठेवून देशातल्या देशात उडता येतं, कॅनडा-मेक्सिकोला जायचं असेल तर थांबा. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट सात वर्षं चालतं. विमान पुढे भारतात न्यायचं असेल तर एन-नंबर (अमेरिकन नोंदणी क्रमांक) रद्द करून भारताच्या डीजीसीए या विमान वाहतूक खात्याकडे व्हीटी (भारतीय क्रमांकाची) नोंदणी नव्याने करावी लागते, ती प्रक्रिया पूर्ण वेगळी.