चॅटमच्या दारातला वेलस्ली

इंग्लंडमधल्या चॅटमच्या जुन्या आरमारी गोदीत मुख्य दरवाजाच्या आतच एक भलीमोठी रंगवलेली लाकडी मूर्ती ठेवली आहे. ती आर्थर वेलस्लीची. १८०३ साली असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवणारा तो हाच. ही मूर्ती एका युद्धनौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवलेली होती, आणि ती नौका मुंबईत बांधलेली होती.

७४ तोफांची ‘एचएमएस वेलस्ली’ २४ फेब्रुवारी १८१५ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. असईला तेव्हा पुरती बारा वर्षंही झाली नव्हती, पुण्यात पेशवे अजून गादीवर होते. बांधणीचे प्रमुख जमशेदजी बमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी १७३६ साली सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले, तेव्हापासून हे काम घरातच होतं. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओकचं लाकूड पुरेना, म्हणून त्यांची नजर इकडच्या सागवानाकडे वळली. साग तेलकट, पाण्यात सहसा कुजत नाही. ओकमधल्या आम्लाने खिळे गंजतात, सागात मात्र लोखंड टिकतं. या जहाजाच्या आयुष्याकडे पाहिलं की त्या लाकडाची आणि वाडियांच्या हाताची थोरवी कळते.

१८३९ साली तिच्या तोफांच्या जोरावर इंग्रजांनी कराची घेतली. मग ती चीनमध्ये अफूच्या युद्धात लढली. १८६८ पासून ती ‘कॉर्नवॉल’ या नावाने थेम्स नदीत मुलांना खलाशीपण शिकवणारी नौका झाली, आणि ते काम तिने सत्तर वर्षांहून जास्त केलं.

शेवटी तिला बुडवलं ते विमानांनी. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ती थेम्समध्ये बुडाली, तेव्हा तिचं वय सव्वाशे वर्षांचं होतं. त्या काळातल्या मोठ्या लाकडी युद्धनौकांपैकी शत्रूने बुडवलेली ही शेवटची. १९४८ साली सांगाडा वर काढून टिलबरीला मोडला. त्यातलं काही लाकूड लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस या न्यायालयाच्या इमारतीच्या डागडुजीला गेलं, मूर्ती चॅटमला आली.

तिच्याशी जोडलेली एक खूण मुंबईतही आहे. नेपोलियन ज्याच्या स्वाधीन झाला तो इंग्रज आरमारी अधिकारी फ्रेडरिक मेटलंड नोव्हेंबर १८३९ मध्ये याच जहाजावर, मुंबईजवळच्या समुद्रात वारला. त्याचं स्मारक फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आहे.