डाऊन सिंड्रोम, ब्रेस्ट कॅन्सर आणि मॅमोग्राफीचा वाद : पार्श्वभूमी

१९५९ मध्ये डाऊन सिंड्रोममागचा जादा क्रोमोसोम, म्हणजे २१ व्या क्रोमोसोमची तिसरी कॉपी, सापडला, तिथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहितीये, ती सोडतो. त्यानंतर कितीतरी वर्षं डाऊन सिंड्रोम आणि कॅन्सर म्हटलं की लहान मुलांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सरच डोळ्यासमोर यायचा. ब्रेस्ट कॅन्सरचा प्रश्न पडणार कसा, त्या वयापर्यंत पोचायच्याच किती जणी? अमेरिकेत १९८३ ला डाऊन असलेल्यांच्या मृत्यूचं मधलं वय २५ होतं, १९९७ पर्यंत ते ४९ वर गेलं.

मग २००० साली डेन्मार्कमधल्या नोंदी आल्या. डाऊन असलेली २,८१४ माणसं, ल्युकेमिया भरपूर, पण गाठीचे कॅन्सर अपेक्षेच्या निम्मेच, आणि ब्रेस्ट कॅन्सरची एकही केस नाही. या बायका लवकर मरतात म्हणून असं दिसत असेल, ही शंका इथे टिकत नाही, कारण हिशोब वय धरूनच केलेला होता. शिवाय मूल न झालेल्या बाईला धोका जास्त असतो म्हणतात आणि यातल्या बहुतेकींना मूल नसतं, तरी आकडा खालीच. मेनोपॉज लवकर येतो हे मात्र त्यांच्या बाजूने जातं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यांवरूनही तेच चित्र निघालं, पण दाखल्यावर कारण म्हणून नुसतं ‘डाऊन सिंड्रोम’ लिहून मोकळं व्हायची सवय जुनी आहे, त्यामुळे माझा भर डेन्मार्कच्या आकड्यांवर.

एपिजेनेटिक्स, म्हणजे डीएनएचा मजकूर तोच ठेवून जीन्स चालू-बंद कसे होतात त्याचा अभ्यास, यात उशिरा आलं. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक ठसे बसवायला मदत करणारं डीएनएमटी३एल हे जीन २१ व्या क्रोमोसोमवरच बसलंय, जीन्सवर ताबा ठेवणारे काही छोटे रेणू (मायक्रोआरएनए) पण तिथलेच, मग तिसऱ्या कॉपीमुळे इतर जीन्सची बटणं पण हलत असणार असा तर्क. गंमत म्हणजे २०१५ मध्ये मिथाइलेशनच्या घड्याळाने (याच ठशांवरून पेशींचं वय काढायची पद्धत) डाऊन असलेल्यांचं रक्त आणि मेंदू सरासरी ६.६ वर्षांनी जास्त म्हातारे दाखवले. पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, तरी वयाबरोबर वाढणारा हा कॅन्सर कमी! पण बहुतेक काम रक्तावर आणि मेंदूवर झालंय, स्तनाच्या पेशींवर फारच थोडं, त्यामुळे ‘एपिजेनेटिक कवच’ वगैरे हेडलाइन बघितल्या की मी पुढे सरकतो.

खरं भांडण मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीवर. २००२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी म्हटलं की या बायकांसाठी स्क्रीनिंगचे (त्रास नसताना करायच्या तपासणीचे) नियम बदला. धोका कमी, त्यात ट्रायसोमीच्या (तिसरी कॉपी असलेल्या) पेशी रेडिएशनला जास्त नाजूक असल्याचं लॅबमध्ये दिसलेलं, मग दर दोन-तीन वर्षांनी एक्स-रे कशाला? समोरून उत्तर आलं की मतिमंद म्हणून आधीच यांना तपासणीतून वगळलं जातं, त्यात आता विज्ञानाचा शिक्का नको. ब्रिटनमध्ये आजही पन्नाशीनंतर सगळ्यांनाच बोलावणं जातं, पण अशा बायका येतात कमी. आणि आल्या तरी मशीनच्या दोन प्लेटांमध्ये छाती दाबली जाते तेव्हा स्थिर उभं राहायचं, दुखतंय ते सांगायचं, हे सगळं का चाललंय तेही समजायचं. ज्या बाईला हे नीट सांगितलेलंच नाही तिची संमती कसली? मला फ्रान्सची बाजू जास्त पटते, फक्त हाताने तपासणी सोडायची नाही ही अट धरून. २०१६ मध्ये डेन्मार्कमधून जास्त माणसांवरचे आकडे आले, तेव्हा केसेस सापडल्या, पण अगदी मोजक्या.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तशीही मॅमोग्राफी नाही, २०१६ च्या गाइडलाइनप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी हातानेच होते. गाठ लागली तर पुढे सोनोग्राफी, बायोप्सी, आणि तिथे डाऊन आहे म्हणून थांबायचं काहीच कारण नाही.