आउटलुकमधला फॉर्म उघडत नाही, प्रिंट निघत नाही? आधी हे पाहा

सप्रेम नमस्कार,

शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे गेटपास, मालाची मागणी, रजेचा अर्ज हे सगळं आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅममध्ये खास बनवून घेतलेल्या (कस्टम) फॉर्मवर चालतं. असा फॉर्म एके सकाळी उघडेनासा झाला किंवा त्याची प्रिंट निघेना, की गेटवर गाडी खोळंबते आणि आम्हाला फोन येतो. फोन जरूर करा. फक्त त्याआधी फॉर्म डिलीट करू नका आणि मशीनवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून पुन्हा टाकू नका. आजवर पाहिलेल्या तक्रारींत फॉर्म स्वतः बिघडलेला क्वचितच निघाला. बहुतेक वेळा तो ठरल्या जागी सापडत नसतो, नाहीतर त्याला चालायची परवानगी उरलेली नसते.

फॉर्म नेमका कुठे असतो?

मेलमध्ये सहसा फॉर्म नसतोच. तिथे असते भरलेली माहिती आणि फॉर्मचं नाव. या नावाला आउटलुक मेसेज क्लास म्हणतं, उदाहरणार्थ ‘आयपीएम डॉट नोट डॉट गेटपास’. मेल उघडला की आउटलुक त्या नावाचा फॉर्म शोधायला निघतं. तो सगळ्या कंपनीच्या फॉर्म लायब्ररीत (फॉर्म साठवायच्या जागेत) असेल, एखाद्या फोल्डरमध्ये असेल किंवा एकाच माणसाच्या पर्सनल लायब्ररीत. सापडला नाही, तर ‘कस्टम फॉर्म उघडता आला नाही, त्याऐवजी आउटलुकचा फॉर्म वापरला जाईल’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि साधा मेल उघडतो.

एका फाउंड्रीत गेटपासचा फॉर्म स्टोअरच्या एका मशीनवर व्यवस्थित चालायचा आणि शेजारच्या टेबलावर उघडायचाच नाही. नवं मशीन आणलं, केबल बदलली, काही उपयोग झाला नाही. ज्यांनी फॉर्म बनवला त्यांनी तो स्वतःच्या पर्सनल लायब्ररीत ठेवला होता. पर्सनल लायब्ररी त्या माणसाच्या मेलबॉक्सबरोबर राहते, शेजाऱ्याला ती दिसत नाही. फॉर्म कंपनीच्या लायब्ररीत त्याच नावाने प्रकाशित केला आणि जुने गेटपाससुद्धा पूर्वीसारखे उघडले. म्हणून सांगतो, साधा मेल दिसला तरी घाबरू नका. भरलेली माहिती त्या मेलमध्येच असते.

असा फॉर्म बनवणारी व्यक्ती नोकरी सोडून जाणार असेल, तर तिचा मेलबॉक्स बंद करण्याआधी आम्हाला कळवा. ही एक गोष्ट तरी नक्की करा.

काल चालत होता, आज नाही

असं एकाच मशीनवर होत असेल, तर फॉर्मची साठवलेली प्रत खराब झाली असण्याची शक्यता मोठी. आउटलुक प्रत्येक मशीनवर फॉर्मची एक प्रत साठवून ठेवतं. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, कस्टम फॉर्म्स, मॅनेज फॉर्म्स या वाटेने जा आणि ‘क्लिअर कॅश’ दाबा. आउटलुक बंद करून पुन्हा उघडा. यात मेल किंवा मूळ फॉर्म जात नाही, साठवलेली प्रत तेवढी पुसली जाते. तसंच एकाच नावाचा फॉर्म दोन लायब्ऱ्यांत ठेवू नका. कुठला उघडेल याचा भरवसा राहत नाही आणि सुधारणा एकात केली तर दुसरा जुनाच राहतो.

फॉर्म उघडतो, पण बटणं मुकी

सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा अपडेटपासून कस्टम फॉर्ममधली स्क्रिप्ट, म्हणजे बटणांमागचा छोटा कोड, आउटलुक मुळात बंदच ठेवतं. ती चालवायची तर दोन टप्पे आहेत: मशीनवर फॉर्म-स्क्रिप्टला परवानगी द्यायची आणि मग त्या ठरावीक फॉर्मचं नाव विश्वासाच्या यादीत घालायचं. दोन्ही नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, होतात, त्यामुळे हे काम आमच्यावर सोपवा. आपल्या स्वतःच्या फॉर्मखेरीज दुसरं नाव आम्ही त्या यादीत घालत नाही, कुणी आग्रह केला तरी. फॉर्मच्या वाटेने हल्ला होऊ शकतो, ही ऐकीव भीती नाही. अशीच एक गंभीर त्रुटी मायक्रोसॉफ्टला फेब्रुवारी २०२४ मध्ये बुजवावी लागली.

प्रिंटचं दुखणं

सगळ्यात जास्त फोन याचेच येतात. पडद्यावर चौकटी, रंग, कंपनीचा लोगो दिसतो आणि कागदावर मात्र साध्या मेलसारख्या ओळी येतात. ही आपल्या प्रिंटरची चूक नाही. आउटलुक कस्टम फॉर्म पडद्यावर दिसतो तसा छापतच नाही. म्हणून बहुतेक चांगल्या फॉर्मवर वेगळं ‘छापा’ बटण दिलेलं असतं. ते दाबलं की स्क्रिप्ट वर्डचा नमुना उघडते, गाडी नंबर, माल, नग अशी माहिती त्यातल्या बुकमार्कच्या (आधी खूण करून ठेवलेल्या) जागी भरते आणि तो कागद प्रिंटरकडे पाठवते.

हे बटण गप्प बसलं, तर आधी वरची स्क्रिप्टची परवानगी पाहायची. ती ठीक असेल, तर वर्डचा नमुना जागेवर आहे का ते पाहा. एका वर्कशॉपने सर्व्हर बदलला आणि नमुना जुन्या शेअर्ड फोल्डरमध्येच राहिला. कोडमध्ये ‘चूक झाली तरी पुढे जा’ अशा अर्थाची ओळ होती, त्यामुळे कसलाही संदेश न येता बटण नुसतं दाबलं जायचं. आम्ही बनवतो त्या फॉर्ममध्ये ती ओळ घालत नाही. चूक झाली तर ती दिसलीच पाहिजे.

कागद निघाला पण एखादा रकाना कोरा आला, तर तो रकाना कुठल्याही फील्डला (माहिती साठवायच्या कप्प्याला) जोडलेला नसावा. अशा रकान्यात लिहिलेलं मेलबरोबर साठवलंच जात नाही. फॉर्मच्या डिझाइनमध्ये ती जोडणी करावी लागते. आधी पाठवलेल्या मेलमधली ती माहिती मात्र परत मिळत नाही.

मोबाइल आणि नवीन आउटलुक

मोबाइलवर, ब्राउझरमध्ये, मॅकवर आणि विंडोजच्या नवीन आउटलुकमध्ये हे फॉर्म चालत नाहीत. वरच्या कोपऱ्यातलं ‘नवीन आउटलुक’ चुकून चालू झालं असेल, तर ते बंद करून क्लासिक, म्हणजे जुन्या आउटलुकवर या. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. बाहेरच्या पार्टीला मात्र फॉर्म पाठवू नका. त्यांच्याकडे आउटलुक नसेल तर ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल पोचते आणि त्यांना ती उघडत नाही. त्यांना पीडीएफ द्या.

या फॉर्मच्या स्क्रिप्ट ज्या व्हीबीस्क्रिप्ट भाषेत लिहितात, ती विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढायचं मायक्रोसॉफ्टने ठरवलं आहे. २०२७ च्या सुमारास ती आपोआप चालू राहणार नाही, असं त्यांनी २०२४ मध्ये सांगितलं. म्हणून स्क्रिप्टवर चालणारे नवे फॉर्म आम्ही आता आउटलुकमध्ये बनवून देत नाही. जुने आहेत तोवर सांभाळू, आणि ज्यांचा गेटपास रोजचा आहे त्यांच्याशी बदलाचं बोलणं आत्ताच सुरू करू.

फोन करताना पडद्यावरच्या संदेशाचा फोटो पाठवा. फॉर्मचं नाव आणि तो दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालतो का, एवढंही सोबत कळवा.