पाल ते एनटीएससी: आवाज ताणायचा नसतो

पाल आणि एनटीएससी या टीव्ही-व्हिडिओच्या दोन जुन्या पद्धती. पाल व्हिडिओ एनटीएससीत नेताना सेकंदातल्या फ्रेम (एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं) 25 वरून 29.97 होतात, म्हणून आवाजाचा वेगही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो, हा समज जुना आहे आणि चुकीचा. बदलते ती सेकंदातल्या फ्रेमची संख्या; तासाभराचं चित्रण तासाभराचंच राहतं. कन्व्हर्टर काही फील्ड (फ्रेममधल्या एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) पुन्हा दाखवतो किंवा शेजारच्या फ्रेम मिसळून नव्या बनवतो. आवाजाला हात लावायचं कारणच नाही.

गोंधळ बहुधा सिनेमांमुळे झाला असावा. पालसाठी 24 फ्रेमचा सिनेमा 25 ने पळवतात. 100 मिनिटांचा 96 मिनिटांत संपतो, आवाजही किंचित चिरका होतो. असा सिनेमा मूळ गतीवर आणायचा, तर मात्र आवाजही संथ करावा लागतो.

आणि 29.97 च्या व्हिडिओला सरळ 30 लावलंत, तर तासाला 3.6 सेकंदांची तफावत: ओठ आधी, शब्द मागून!