गोन्झालेसचे बत्तीस

अलामोच्या लढाईचं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. १८३६ च्या मार्चमध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनियो इथे, एका जुन्या मिशनच्या भिंतींआड, मेक्सिकोविरुद्ध उठलेली दोनशेच्या आसपास माणसं मेक्सिकोच्या फौजेशी लढत संपली. त्या वेढ्यात बाहेरून नाव घेण्याजोगी कुमक आली ती ३२ जणांची, आणि ती एका गावाची होती. ग्वाडालुपे नदीकाठचं गोन्झालेस. गोलियाड या दुसऱ्या गावी टेक्सासवाल्यांची त्याहून कितीतरी मोठी सशस्त्र तुकडी होती. ती निघाली आणि वाटेतून परत फिरली. मग एवढंसं गोन्झालेसच का गेलं? वेढ्याच्या तेरा दिवसांत याचं उत्तर सापडत नाही, त्यासाठी दहा-अकरा वर्षं मागे जावं लागतं.

१८२५ मध्ये मेक्सिकोने ग्रीन डेविट या अमेरिकनाला ४०० कुटुंबं वसवण्याचा करार दिला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा ओसाड उत्तर सीमाप्रांत होता, आणि गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला चार हजार एकरांहून जास्त जमीन मिळायची. कर्जात बुडालेल्या माणसाला यापेक्षा मोठं आमिष कुठलं? पण जमीन कोऱ्या कागदासारखी रिकामी नव्हती. तिथे आधीपासून मूळ रहिवासी जमाती होत्या आणि नव्या वस्त्यांशी त्यांचा संघर्ष अटळ होता. या वसाहतीतलं गोन्झालेस गाव १८२६ च्या हल्ल्यात उठलं, मग पुन्हा वसलं. १८३१ मध्ये गावकऱ्यांच्या विनंतीवरून सरकारने त्यांना संरक्षणासाठी एक छोटी तोफ दिली. पुढे सगळं बिनसलं ते या तोफेवरून.

१८३५ च्या उन्हाळ्यापर्यंत गोन्झालेस मेक्सिकोशी एकनिष्ठच होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. तिकडे मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आन्ना याने १८२४ ची संघराज्य घटना गुंडाळून सत्ता राजधानीत एकवटायला घेतली होती, विरोध करणारा झाकातेकास प्रांत चिरडला होता. तरी गाव शांत होतं. सप्टेंबरात एका मेक्सिकन सैनिकाने जेसी मॅकॉय या गावकऱ्याला बंदुकीच्या दस्त्याने बदडलं आणि वारं फिरलं. त्याच महिन्यात तोफ परत करण्याचा हुकूम आला. गावाने नकार दिला. शंभरेक घोडेस्वार नदीपलीकडे येऊन थांबले तेव्हा गावात जेमतेम अठरा पुरुष हजर होते. त्यांनी नावा लपवल्या, तोफ पीचच्या बागेत पुरली आणि शेजारच्या वस्त्यांना निरोप धाडले. चार दिवसांत दीडशेच्या घरात माणसं जमली. २ ऑक्टोबरच्या पहाटे एका पांढऱ्या फडक्यावर तोफेचं चित्र आणि ‘या आणि घेऊन जा’ असं आव्हान रंगवून ती चालून गेली. चकमक किरकोळ झाली आणि घोडेस्वार माघारी गेले. पण मेक्सिकोविरुद्धच्या टेक्सासच्या युद्धाची पहिली गोळी गोन्झालेसची होती, आणि त्या दिवशी इतर वस्त्या गावासाठी धावून आल्या होत्या. मला वाटतं, फेब्रुवारीत जे झालं त्याचं मूळ या ऋणात आहे.

मात्र हा लढा निव्वळ स्वातंत्र्याचा होता असं म्हणणं खोटं ठरेल. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती. टेक्सासला सवलत मिळाली तरी कापूस पिकवणाऱ्या वसाहतवाल्यांवर ती टांगती तलवार होती. १८३६ च्या टेक्सास प्रजासत्ताकाच्या घटनेने गुलामगिरीला कायद्याचं कवच दिलं. गोन्झालेसच्या माणसांचं धैर्य खरं होतं, आणि ते कुठल्या व्यवस्थेच्या कामी आलं हेही तितकंच खरं.

२४ फेब्रुवारीला वेढ्यात सापडलेल्या अलामोतून तिथला सेनाधिकारी विल्यम ट्रॅव्हिस याचं मदतीचं पत्र निघालं. घेऊन आला अल्बर्ट मार्टिन, गोन्झालेसचाच दुकानदार. सुमारे ११० किलोमीटर घोडा दामटत तो गावी पोचला आणि पत्राच्या पाठीवर त्याने स्वतःच्या हाताने खरडलं: मागे दिवसभर तोफांचा भडिमार ऐकू येत होता, मिळतील तितकी माणसं तातडीने पाठवा. पत्र पुढच्या स्वारासोबत गेलं. मार्टिन मात्र सुरक्षित ठिकाणी थांबला नाही, तो परत अलामोकडे निघाला.

२७ तारखेला तुकडी निघाली. पुढे होता जॉर्ज किंबल, पेशाने टोप्या बनवणारा. त्याचा धंद्यातला भागीदार अल्मरॉन डिकिन्सन तोफखान्याचा कप्तान म्हणून आधीच आत अडकला होता, म्हणजे किंबल आपल्या भागीदाराकडे चालला होता. दस्त्याचा मार खाल्लेला मॅकॉयही होता. विल्यम किंग जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा; वडिलांना घरी ठेवून त्यांच्या जागी तो गेला. १ मार्चला पहाटे तीन वाजता ते शत्रूच्या वेढ्यातून आत शिरले. पहारेकऱ्याने अंधारात शत्रू समजून गोळी झाडली आणि एकाच्या पायाला लागली, असं सांगतात. पाच दिवसांनी, ६ मार्चला, अलामो पडलं.

गावाला हे निश्चितपणे कळायला आणखी आठवडा गेला. ११ मार्चला टेक्सासचा सेनापती सॅम ह्यूस्टन गोन्झालेसला आला, त्याच दिवशी दोन मेक्सिकन स्वारांनी बातमी आणली. गावात घबराट नको म्हणून त्याने त्यांना हेर ठरवून अडकवलं. १३ तारखेला डिकिन्सनची बायको सुझाना तान्ह्या अँजेलिनाला घेऊन आली आणि लपवण्यासारखं काही उरलं नाही. विसेक बायका एका संध्याकाळी विधवा झाल्या. रडायलाही सवड नव्हती, सांता आन्नाची फौज मागावर होती. त्याच रात्री गाड्यांवर मुलं चढवून सगळे पूर्वेकडे निघाले आणि शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून ह्यूस्टनच्या हुकुमाने गावाला आग लावली गेली. २१ एप्रिलला सॅन हासिन्तोच्या लढाईत टेक्सासची फौज जिंकली, पण गोन्झालेस पुढची कित्येक वर्षं उजाडच राहिलं.

सुझानासोबत त्या संध्याकाळी आणखी एक जण गावात आला होता. जो, ट्रॅव्हिसचा गुलाम, अलामोतून जिवंत सुटलेला. भिंतींआड काय घडलं ते पुढे त्याने टेक्सासच्या मंत्रिमंडळासमोर सांगितलं. नंतर त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत जमा करण्यात आलं. २१ एप्रिल १८३७ ला, विजयाच्या पहिल्या वाढदिवशी, तो तिथून पळाला.