खाडीकाठच्या बंदरांपासून मुंबईपर्यंत : कोकणातील शहरवाढीची पार्श्वभूमी

मुंबईचा इतिहास सांगताना बहुधा सात बेटे, त्यांवरील कोळीवाडे आणि इंग्रजांचे आगमन एवढ्यावरच सुरुवात केली जाते. त्यामुळे कोकणात त्याआधी शहरेच नव्हती, असा समज होतो. प्रत्यक्षात या किनाऱ्याला दोन हजार वर्षांहून जुनी शहरांची परंपरा आहे आणि मुंबईची वाढ त्या परंपरेतूनच समजून घ्यावी लागते.

या परंपरेतील सर्वांत जुने ठळक नाव म्हणजे शूर्पारक, आजचे सोपारा. येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी गावाबाहेरील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा ती स्तूपाची निघाली. तिच्या पोटातल्या दगडी पेटीत तांबे, चांदी, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक बसवलेले होते आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे लहान तुकडे, सोन्याच्या फुलांसह, जपून ठेवलेले होते. एवढा ऐवज एखाद्या खेड्यात जमत नाही. त्यामागे श्रीमंत व्यापारीवर्ग असावा लागतो. हा वर्ग आपल्याला लेण्यांमध्ये नावानिशी भेटतो, कारण कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा, कल्याण आणि चेमूल म्हणजे चौल येथील दात्यांची नोंद आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनातही हीच तीन बंदरे येतात.

ही बंदरे कोठे वसली, हे पाहण्यासारखे आहे. सोपारा वसईच्या खाडीजवळ, कल्याण उल्हास नदीवर, चौल कुंडलिकेच्या मुखाजवळ आणि पुढे बहमनी काळात भरभराटीला आलेले दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी. खाडीत गलबतांना पावसाळी वाऱ्यापासून आसरा मिळे आणि खाडीच्या वरच्या टोकाकडून घाटाची वाट जवळ पडे. नाणेघाट हे याचे उत्तम उदाहरण आहे. कल्याणहून निघालेला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने जुन्नरला चढे, आणि घाटमाथ्यावरच सातवाहन राणी नागनिकेचा लेख व जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. बंदराचे भाग्य असे घाटाशी बांधलेले होते. त्या वाटेवरील राज्य बदलले किंवा खाडी गाळाने भरली, की व्यापार शेजारच्या खाडीत सरके. सोपाऱ्यानंतर ठाणे शिलाहारांच्या काळात पुढे आले. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले, तर चौल त्यांच्या ताब्यात राहून 1740 पर्यंत टिकले. आज चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून तटाचे अवशेष दिसतात.

या सगळ्या काळात मुंबईची बेटे कडेलाच होती. माहीम येथे बिंबदेवाने राजधानी वसवल्याची परंपरा आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली, 1661 च्या विवाहकरारातून ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि 1668 मध्ये वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. बेटांच्या पूर्वेला असलेले खोल आणि सुरक्षित पाणी हेच त्यांचे खरे मोल होते, कारण मोठी जहाजे आता उथळ खाड्यांत शिरू शकत नव्हती. कंपनीने 1687 मध्ये आपले मुख्य ठाणे सुरतेहून येथे हलवले, 1735 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून येऊन जहाजबांधणीला लागले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खिंड बांध घालून बंद केल्यावर बेटांमधली खाजण जमीन वस्तीयोग्य होऊ लागली.

तरीही मुंबईला मोठे करणारा निर्णायक घटक बेटांमधल्या खाजणांच्या भरणीपेक्षा घाट हाच होता, असे माझे मत आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी प्रसिद्ध आहे, पण 1863 मध्ये बोरघाट चढून जाणारा लोहमार्ग सुरू झाला, ती घटना तिच्याहून मोठी मानावी लागेल. तो मार्ग खोदताना हजारो मजुरांचे प्राण गेले. त्यानंतर दख्खनचा कापूस खाडीगणिक वाटून न जाता थेट एकाच बंदरावर उतरू लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याच काळात कापसाचे भाव भडकले, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि 1850 च्या दशकात कावसजी दावर यांनी सुरू केलेल्या पहिल्या सूतगिरणीमागोमाग गिरण्यांची रांग लागली. खाड्यांमधील बंदरांना पुन्हा उभे राहण्याची संधी मिळाली नाही.

गिरण्यांत राबणारे हात मात्र त्याच खाड्यांच्या काठचे होते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सर्वाधिक कामगार आले. शेती तोकडी, पाऊस चार महिन्यांचा, आणि बोटीने मुंबई गाठता येत असे. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाच्या मंडळाची सामाईक खोली असे: भिंतीला लागून ट्रंका, वर वळकट्या, रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा होई, आणि जेवण शेजारच्या खानावळीत. पगारातून निघालेली मनिऑर्डर गावचे घर चालवी आणि गणपती-शिमग्याला चाकरमानी परत येई. ही ये-जा 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू होईपर्यंत बोटी आणि एसटी यांवरच अवलंबून होती. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, त्यात शेकडो प्रवासी गेले. कोकणातल्या घरांत ती आठवण अजून जिवंत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गोद्यांनाही जागा आणि पाणी अपुरे पडू लागले. 1970 च्या सुमारास खाडीपलीकडे नव्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, आखणी सुरू झाली आणि 1989 मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर उघडले. कंटेनरची मोठी वाहतूक आता तेथूनच होते. त्या बंदरासाठी उरण परिसरातील आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारीची खाजणे गेली, आणि त्यांच्या मोबदल्याचा व पुनर्वसनाचा लढा बंदर उघडल्यानंतरही चालूच राहिला.